'रेडी' दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका

आज डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं.

दुसऱ्या कुणीतरी बसवलेली चोरांसाठीची अलार्म सिस्टीम बघायला गेलो होतो. तक्रार काहीच नव्हती, मालकांना एक सेन्सर वाढवून हवा होता, इतकंच. "बाकी सगळं झकास आहे, कधी त्रास नाही," म्हणाले. मागच्या खोलीत सेन्सरसमोरून स्वतः चालून दाखवलं. लाल दिवा लुकलुकला. "बघा!" मी कीपॅडकडे, म्हणजे सिस्टीमची स्थिती दाखवणाऱ्या बटणांच्या पाटीकडे, बघत होतो. तिथे ढिम्म काही हललं नाही. परत चालायला लावलं. दिवा लागतोय आणि कीपॅड म्हणतोय रेडी, म्हणजे कुठेच काही हालचाल नाही.

पॅनेल, म्हणजे सिस्टीमची मुख्य पेटी, उघडलं तर सगळ्या झोनचे (सेन्सरच्या एकेका लाइनचे) रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोध देणारे चिमुकले भाग, पेटीतच, टर्मिनलवर ओळीने कसलेले. दिसायला इतकं सुबक की फोटो काढावा! अरे, तो रेझिस्टर वायरच्या पार टोकाला, सेन्सरच्या आत बसवतात. पॅनेल त्याचाच रोध सतत मोजत असतं. वायर तुटली तर कळतं, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी कळतं. पेटीत बसवलात तर पलीकडे तारा चिकटल्यावरही पॅनेलला तेवढाच रोध दिसत राहतो, आणि ते सुखाने रेडी म्हणत बसतं. इथे तेच झालेलं. छताच्या पोकळीत एका क्लॅम्पखाली केबल चेपली होती, सिग्नलच्या दोन्ही तारा भिडलेल्या. सेन्सरला वीज वेगळ्या तारांतून जाते, म्हणून दिवा बिचारा इमाने इतबारे लागत होता. मालक त्या दिव्यावर विसंबून झोपत होते.

इथवर मी चिडलो नव्हतो, खरंच. कुणाला तरी कुणी शिकवलं नसेल, असं वाटलं. मग झाकणाच्या आत चिकटवलेला सर्व्हिसचा कागद दिसला. प्रत्येक भेटीची तारीख, सही, आणि 'सर्व झोन तपासले' यापुढे टिक. दर वेळी. एकाच पेनाने, एकाच झटक्यात मारल्यासारख्या.

तिथे माझी सटकली.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. एका गोदामात पहाटे पहाटे खोटा अलार्म वाजायचा, रोज नाही, अधूनमधून. ऑफिसातून फोनवर हुकूम आला की सेन्सर बदला, बिल लावा, निघा. गिऱ्हाईक समोरच उभं. काका त्यांना म्हणाले, "सेन्सर खराब आहे असं मला वाटत नाही. कारण काय ते आत्ता मला माहीत नाही. कळलं की सांगतो." मी तेव्हा पोरगा होतो. मला शरमच वाटली. इंजिनिअर म्हणवतो आणि गिऱ्हाइकासमोर माहीत नाही म्हणतो?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काका तिथे खोक्यावर जाऊन बसले, मलाही बसवलं. सूर्य वर आला आणि उंचावरच्या झरोक्यातून ऊन थेट सेन्सरच्या भिंगावर पडलं. एक ढग आला, गेला, आणि सायरन. पीआयआर सेन्सर माणूस बघत नाही, त्याच्या पट्ट्यांमधला उष्णतेचा बदल बघतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या खोक्यावर. काकांनी तोच सेन्सर दुसऱ्या भिंतीवर लावला, नव्याचं बिल केलं नाही. ऑफिसात बोलणी खाल्ली, ती वेगळी.

आता मला सांगा, सेन्सर बदलून निघालो असतो तर मी काय शिकलो असतो? हेच मला आज त्या टिक मारणाऱ्याला ओरडून सांगायचं होतं. बाबा रे, एकदा, फक्त एकदा खरा वॉक टेस्ट केला असतास, मागच्या खोलीत चालून कीपॅडकडे पाहिलं असतंस, तर झोन मेलाय हे दिसलं असतं. मग का मेला ते शोधलं असतंस. रेझिस्टर टोकाला का लावायचा ते जन्मभर विसरला नसतास. तू गिऱ्हाइकाला तर फसवलंसच, पण स्वतःचं शिक्षणही त्या टिकखाली गाडलंस.

आमच्या धंद्यात खोटं पचतं, हीच गोम आहे. नळ गळत असेल तर घरच्यांना दिसतो. अलार्म चालू असो की मेलेला, चोर येईपर्यंत दोन्ही सारखेच गप्प. १८५३ साली ऑगस्टस पोपने अमेरिकेत दारं-खिडक्या आणि विजेची घंटा जोडून पेटंट घेतलं, तेव्हापासून हे असंच आहे. बॅटरीचंही तेच. चार्जिंगवर असताना मीटर लावला की तेरा-साडेतेरा व्होल्ट दिसतात, की लगेच 'बॅटरी ओके'. मेन सप्लाय काढून सायरन वाजवून बघ की जरा! म्हातारी बॅटरी लोड पडला की मान टाकते. साध्या सात अँपिअर-तासाच्या बॅटरीचं आयुष्य तीन ते पाच वर्षं, तिच्यावर मार्करने तारीख टाकायला काय जातं? सेटिंग बदलायचा इन्स्टॉलरचा कोड मॅन्युअलमध्ये छापलेला तोच ठेवणाऱ्यांबद्दल आज बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

बरं, मान्य, एका माणसावर दिवसाला इतके कॉल लादतात की प्रत्येक झोन चालून बघायचा तर रात्र होईल. मॅन्युअलही असे की लिहिणाऱ्याने शिडी पाहिली नसावी. आणि हो, गिऱ्हाईकही घड्याळ बघत उभं असतं. ठीक. मग कागदावर लिहा ना, 'चार झोन तपासले, बाकीचे राहिले'. एवढं लिहायला कुठलं कोर्स सर्टिफिकेट लागतं?

आता लिहिता लिहिता त्या पोराचाच विचार येतोय. पोरगाच असणार, सही तशीच आहे, वळणदार, नवी नवी. त्याला एखादे काका भेटले नसतील. 'माहीत नाही' म्हटल्यावर चारचौघांत हसणारा साहेब भेटला असेल. मग तो पुढच्या वेळी कशाला म्हणेल? ठोकून देईल आत्मविश्वासाने. असे साहेब मी भरपूर पाहिलेत. टिक पोराची असेल, शिकवण त्यांची आहे. रागवायचंच तर त्यांच्यावर रागवायला हवं, आणि मी रागावलेलोच आहे.

मालकांना मी सगळं उघडून दाखवलं. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस हे चालूच नव्हतं?" कधीपासून बंद होतं ते मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

तर मित्रहो, ज्यांच्याकडे अलार्म आहे त्यांनी आज सिस्टीम टेस्ट मोडवर टाका आणि प्रत्येक खोलीत चालून या. सेन्सरच्या दिव्याकडे बघू नका, कीपॅडकडे एकाला उभं करा. मॉनिटरिंग असेल, म्हणजे बाहेरची कंपनी तुमच्या अलार्मवर लक्ष ठेवत असेल, तर आधी त्यांना कळवा, नाहीतर फोनांचा भडिमार होईल. एखादा झोन गप्प राहिला तर बसवणाऱ्याला बोलवा आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघा. तो चिडला तर चिडू द्या.