‘वॉरंट दाखवा’ म्हणून निघून जाऊ नका

“वॉरंटशिवाय अटक बेकायदा. ‘वॉरंट दाखवा’ म्हणा आणि निघून जा. 24 तासांनी सोडावेच लागते. ट्रॅफिक पोलीस चावी काढू शकत नाही. एकदा पावती फाडली की दिवसभर दंड नाही.” हा मेसेज भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर पोहोचलाय आणि पोरं तो खरा मानतायत.

पहिलाच सल्ला कोठडीत नेणारा आहे. दखलपात्र, म्हणजे कायद्याने गंभीर मानलेल्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 35 त्यासाठीच आहे. ‘निघून जाताना’ झटापट झाली, तर न्याय संहितेचे (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 132 लागते, म्हणजे सरकारी नोकराला काम करताना रोखण्यासाठी बळ वापरल्याचा गुन्हा. मूळ प्रकरण किरकोळ असले, तरी हे अजामीनपात्र आहे.

मागायची ती अटकेची लेखी कारणे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी सांगितले की गुन्हा कोणताही असो, कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची. जागेवर जमले नाही तर आधी तोंडी सांगावे, पण रिमांडसाठी (कोठडीत ठेवण्याच्या आदेशासाठी) दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. त्यात नुसते कलमांचे आकडे पुरत नाहीत, तुम्ही नेमके काय केल्याचा आरोप आहे ते हवे. अटक पंचनाम्यावर सही करण्याआधी वेळ वाचा. दुपारपासून बसवून ठेवून अटक रात्रीची दाखवली असेल, तर पहिल्याच हजेरीत दंडाधिकाऱ्यांना सांगा.

कारण 24 तास हे सोडण्याचे नाहीत, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे आहेत, आणि प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. घरचे ‘उद्या सुटेल’ म्हणून थांबतात आणि वकिलाशिवाय रिमांड होतो.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अटकेची गरज नसेल तर कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहा अशी नोटीस द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस चालत नाही, पण रीतसर मिळालेली नोटीस टाळली की अटकेला कारण आपणच पुरवतो.

चावीचे तेवढे बरोबर: ती काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात नाही. पण गाडीची नोंदणी किंवा चालकाचे लायसन्स नसेल, तर कलम 207 खाली अख्खी गाडीच अडकवून ठेवता येते. दिवसभराच्या सवलतीचे कलम कुठेच नाही. पावती घेऊन पुन्हा विनाहेल्मेट निघालात, तर तो नवा गुन्हा. आणि लायसन्स घरी राहिले म्हणून घाबरू नका, डिजिलॉकरमधले दाखवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 प्रमाणे ते चालते.