दारातला चेहरा आणि मालकाचा हक्क: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

पुण्यातल्या हॉटेल व्यावसायिकांच्या आणि खवय्यांच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हॉटेल मालकाचे, पैसा मालकाचा, तेव्हा दारात कोण उभे राहील हे तोच ठरवणार, नाटकासाठी रूप पाहून नट निवडलेले चालतात, मग इथेच आक्षेप का, ग्राहकालाच देखणी माणसे हवी असतात, या पद्धतीमुळे उलट मुलींना नोकऱ्या मिळतात, आणि काम रात्री उशिरापर्यंत चालत असेल, तर मुलगे घेणेच शहाणपणाचे. बाणेर-बालेवाडीपासून कॅम्पापर्यंत अनेक ठिकाणी भरती याच समजुतीवर चालते, म्हणून या मजकुराला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

मालकीचा मुद्दा आधी घेऊ. राज्यघटनेतील समानतेचे हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतात, हे खरे. परंतु भरती ही मालकाची खासगी बाब आहे असे आपला कायदा 1976 पासून मानत नाही. त्या वर्षीच्या समान वेतन कायद्याने सारख्या कामासाठी भरती करताना स्त्रियांना डावलण्यास मनाई केली, 2019 च्या वेतन संहितेने ती लिंगावरून होणाऱ्या भेदभावाला सरसकट लावली, आणि महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदाही स्त्रियांच्या भरती, बढती आणि वेतनाबाबत तेच सांगतो. रूपावरून निवड करण्यास मात्र अशी स्पष्ट मनाई नाही. तिथे प्रश्न नीतीचाच उरतो.

नाटकाच्या दाखल्यात फारसा दम नाही. नटाचे दिसणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो. वेटरचे काम ऑर्डर नीट घेणे, ती भटारखान्यात वेळेवर पोहोचवणे आणि गरम ताट न सांडता टेबलावर ठेवणे हे आहे. नखे कापलेली, कपडे स्वच्छ आणि बोलणे अदबीचे असावे, ही अपेक्षा रास्त आहे, कारण ती कोणालाही पूर्ण करता येते. नाकाची ठेवण आणि कातडीचा रंग यांचे तसे नाही.

सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा ग्राहकाच्या आवडीचा. अमेरिकेत विमान कंपन्यांनी हाच युक्तिवाद करून हवाई सेवेत फक्त स्त्रिया ठेवल्या होत्या. प्रवाशांना सुखरूप पोहोचवणे हा धंद्याचा गाभा आहे, प्रवाशांची आवड नव्हे, असे तिथल्या अपील न्यायालयाने 1971 मध्ये पॅन अमेरिकन कंपनीला सुनावले. पण त्यासाठी इतके लांब जायला नको. याच पुण्यात महात्मा फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा शेजारपाजारच्यांची ‘आवड’ काय होती हे आपण जाणतो. गिऱ्हाइकाची आवड हेच प्रमाण मानले, तर पाणी कोणाच्या हातचे चालेल हेही त्यालाच विचारावे लागेल. चिनी-थाई पदार्थ देणाऱ्या हॉटेलांत ईशान्येकडच्या तरुणांना केवळ चेहऱ्यामुळे टेबलांवर उभे केले जाते, तेही याच न्यायाने. जेवण ‘अस्सल’ वाटावे म्हणून त्या मुलाचा चेहरा वापरायचा आणि तो मणिपूरचा की मिझोरमचा, हे विचारायचेसुद्धा नाही.

मुलींचा यात फायदा आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा भरतीचा फलक सावकाश वाचावा. ‘होस्टेस पाहिजेत, फक्त मुली, वय 18 ते 25, स्मार्ट. कॅप्टन व वेटर, मुले. भांड्यांना बाई.’ असे फलक शहरात दिसतात. स्त्रियांसाठी दोनच जागा, एक दारात आणि एक मोरीपाशी. मधली सगळी शिडी, म्हणजे टिप, बढती, गल्ला आणि वस्तादाचा मान, पुरुषांकडे. शिवाय दारातली जागा पंचविशीला संपते. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरी गमवावी लागे. तो नियम रद्द व्हायला 1981 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. रूपावर दिलेली नोकरी रूपाच्या हिशेबानेच काढून घेतली जाते. आणि एखाद्या टेबलावरून अचकटविचकट शेरा आला, तर ‘कस्टमर आहे, सांभाळून घे’ असे त्याच मुलीला सांगितले जाते. वास्तविक कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही संरक्षण देणे, हे 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे.

राहता राहिला रात्रीचा प्रश्न, आणि तो काळजीपोटी विचारणारेही आहेत. जिथे मद्य प्यायले जाते अशा जागी स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई करणारे पंजाब अबकारी कायद्यातील जुने कलम सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये रद्द केले, ते संरक्षणाच्या नावाखाली रोजगार हिरावता येत नाही याच भूमिकेतून. महाराष्ट्रातही रात्री साडेनऊनंतर स्त्रीच्या संमतीने काम देता येते. अट एवढीच की सुरक्षिततेची आणि वाहनाची सोय मालकाने करावी. अनेक मालकांना खरी अडचण या गाडीच्या खर्चाची असते, आणि ती तशी सांगितली तर तिच्यावर बोलता तरी येईल.