शांतिसेनेत जवान पाठवताना संसदेला विचारा

2024च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण लेबनॉनमध्ये इस्रायली रणगाडे संयुक्त राष्ट्रांच्या एका आयरिश चौकीला खेटून उभे राहिले. मी राहते त्या आयर्लंडमधल्या अ‍ॅथलोनमध्ये तेव्हा दुसरा विषय नव्हता. चौक्या सोडून मागे सरका, असं इस्रायलने शांतिसेनेला बजावलं होतं आणि शांतिसेनेने जागा सोडायला नकार दिला होता. अ‍ॅथलोन हे छावणीचं गाव आहे. कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी त्या वेळी तिकडे होती, त्यामुळे दुकानातही लोक त्या चौकीचा क्रमांक घेऊन बोलत. त्याच आठवड्यात घरी फोन केला तेव्हा विचारलं, आपल्याकडे काय म्हणतात? "कशाबद्दल?" असा उलटा प्रश्न आला. त्याच लेबनॉनमध्ये, त्याच निळ्या झेंड्याखाली, भारताचे सुमारे 900 जवान होते. आयरिश तुकडीच्या दुपटीहून अधिक.

यात घरच्यांना काय दोष द्यायचा? आपल्याकडे शांतिसेना बातमीत येते ती तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी विमानतळावर उतरते तेव्हा, आणि दोन दिवसांत दिसेनाशी होते. एप्रिल 2013मध्ये दक्षिण सुदानमध्ये ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि आपले पाच जवान गेले. जुलै 2022मध्ये काँगोतल्या बुटेम्बोत जमाव तळावर चालून आला, त्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. दर वेळी एकच सवाल उठतो: दुसऱ्यांच्या भांडणात आपली पोरं कशाला? ज्या घरातला माणूस गेला त्याने हे विचारणं रास्तच आहे. पण देशाने या प्रश्नाचं उत्तर कधी उघडपणे, बसून, मांडलेलं मला आठवत नाही.

उत्तराला आधार भक्कम आहे, म्हणून ही गोष्ट जास्त लागते. 1950च्या दशकापासून भारताच्या 2 लाख 90 हजारांहून अधिक लोकांनी पन्नासवर मोहिमांत काम केलं आहे. सुमारे 180 जणांनी प्राण दिले. कोणत्याही देशाने दिलेल्या प्राणांपेक्षा हा आकडा मोठा आहे. कोरियात 1953मध्ये युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे 22 हजार युद्धकैद्यांना सांभाळायचं काम भारतीय दलाकडे आलं. चिडलेले, एकमेकांच्या जिवावर उठलेले कैदी, आणि शक्यतो बंदूक न चालवता त्यांना काबूत ठेवायचं. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. महाराष्ट्रातल्या किती शाळकरी मुलांना हे नाव माहीत आहे?

आयर्लंडची गोष्ट इथे आपल्या गोष्टीला येऊन मिळते. नोव्हेंबर 1960मध्ये काँगोतल्या निएम्बा इथे दबा धरून झालेल्या हल्ल्यात नऊ आयरिश सैनिक मारले गेले. या छोट्या देशाने डब्लिनच्या रस्त्यांवर लोटून त्यांना निरोप दिला, आणि त्याबद्दल लोक आजही बोलतात. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1961ला, एलिझाबेथव्हिल म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया मोजक्या गोरखा जवानांनिशी रस्ता अडवून बसलेल्या कितीतरी मोठ्या टोळीवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. वय 26. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मिळालेलं ते एकमेव परमवीर चक्र. त्या वेळी काँगोतल्या संपूर्ण शांतिसेनेचे सेनापती होते शॉन मॅकओन, एक आयरिश जनरल. म्हणजे सलारिया लढले ते आयरिश सेनापतीच्या हाताखाली. इथल्या एका निवृत्त सैनिकाला मी हे सांगितलं, तर त्याने आधीच मान डोलावली. काँगोतल्या गोरख्यांबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आयर्लंडने सगळं नीट केलं असं म्हणायला मी तयार नाही. काँगोतल्याच जाडोव्हिल इथे 1961च्या सप्टेंबरमध्ये वेढ्यात सापडलेली आयरिश तुकडी, बहुतेक याच अ‍ॅथलोनची, दारूगोळा आणि पाणी संपेपर्यंत लढली आणि मग शरण आली. परतल्यावर त्या माणसांच्या वाट्याला चाळीसेक वर्षं कुचेष्टा आली. सन्मान मिळाला तेव्हा त्यातले बरेचजण हयात नव्हते. लाज वाटावी असा हा इतिहास आहे आणि इथले लोक तसं बोलूनही दाखवतात.

पण एका बाबतीत हा देश आपल्या कितीतरी पुढे आहे. बारापेक्षा जास्त सशस्त्र सैनिक परदेशी पाठवायचे तर इथे संयुक्त राष्ट्रांची मान्यता, सरकारचा निर्णय आणि संसदेचा ठराव, तिन्ही लागतात. याला इथे तिहेरी कुलूप म्हणतात. सध्या त्यावर वाद पेटला आहे. सुरक्षा परिषदेची अट काढून टाकायची, बाराची मर्यादा पन्नासवर न्यायची, असा सरकारचा प्रस्ताव आहे. रशिया किंवा चीनच्या नकाराधिकारावर आमच्या सैन्याने का अवलंबून राहायचं, असं समर्थक विचारतात. अट गेली की हळूहळू आपण कुणाच्या तरी लष्करी गटात ओढले जाऊ, असं विरोधक बजावतात. माझ्या ओळखीतली माणसं यावर घरातल्या घरात भांडतात. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण सरकारच्या प्रस्तावातही संसदेचा ठराव कायम आहे. तो काढायची भाषा तिथे नाही.

भारतात असा कोणताही कायदा नाही. मंत्रिमंडळ ठरवतं, सैन्य जातं. प्रश्नोत्तराच्या तासात कधीतरी आकडे मागितले जातात, एवढंच. आणि तरीही आपल्याकडे अलिखित का होईना, एक कुलूप आहे. 2003मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्य मागितलं. दिल्लीत बराच खल झाला, वर्तमानपत्रं भरून गेली, आणि जुलैत वाजपेयी सरकारने सांगितलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता. तो नकार किती शहाणपणाचा होता हे पुढच्या वर्षांनी दाखवलं. उघड चर्चा झाली म्हणूनच सरकारला नाही म्हणायचं बळ मिळालं, असं माझं ठाम मत आहे. याच्या उलट श्रीलंका. तिथे गेलेली सेना संयुक्त राष्ट्रांची नव्हती, दोन सरकारांच्या करारातून 1987मध्ये घाईने गेली होती. हजाराहून अधिक जवान गमावून ती परतली. माझ्या आईवडिलांच्या पिढीला शांतिसेना म्हटलं की आजही तीच आठवते, आणि निळ्या झेंड्याखालच्या कामाकडेही त्यांची नजर त्याच संशयाची राहते.

घरच्या चर्चेत आणखी दोन गोष्टी निघतात. एक पैशाची: जवान पाठवून सरकार डॉलर कमावतं. संयुक्त राष्ट्रं महिन्याला एका सैनिकामागे चौदाशे डॉलरच्या आसपास भरपाई देतात, ती सरकारला मिळते आणि अनेकदा उशिराने मिळते. एवढ्यासाठी कुणी आपले जवान काँगोच्या जंगलात ठेवत नाही. दुसरी सुरक्षा परिषदेतल्या कायम जागेची. रक्त सांडलं, आता जागा द्या, असा हा युक्तिवाद मला मनापासून नकोसा वाटतो. आज सर्वांत जास्त सैनिक देणाऱ्यांत नेपाळ, बांगलादेश, रवांडा आहेत. त्यांना कुणी जागा देऊ केलेली नाही. आणि जिवाचा असा सौदा मांडला की, समोरून नकार आल्यावर गेलेल्या माणसाच्या घरी काय सांगायचं?

माझ्या मते भारताचं खरं बळ आता प्रशिक्षणात आहे, आणि त्याबद्दल तर आपण मुळीच बोलत नाही. सिएरा लिओनमध्ये 2000च्या जुलैत ऑपरेशन खुकरी झालं, बंडखोरांनी कैलाहुनला वेढून ठेवलेले आपले दोनशेहून अधिक सैनिक सोडवले गेले. पण मोहिमेच्या नेतृत्वात तीव्र मतभेद झाले आणि सप्टेंबरमध्ये भारताने तिथून तुकडी मागे घ्यायचं जाहीर केलं. त्याच महिन्यात दिल्लीत शांतिसेना प्रशिक्षणाचं केंद्र उभं राहिलं. तेव्हापासून तिथे परदेशी अधिकारी येतात, आणि शिकतात ते मुख्यतः गोळी कधी झाडायची नाही हे. नाक्यावर अडवणाऱ्या हत्यारबंद पोरांशी कसं बोलायचं, छावणीच्या दाराशी आश्रयाला आलेल्या बायकामुलांना आत घ्यायचं की नाही हे कोणत्या नियमाने ठरवायचं, आपल्याच तुकडीतल्या कुणी स्थानिक मुलीचा गैरफायदा घेतला तर काय करायचं. आफ्रिकी देशांच्या प्रशिक्षकांसाठी 2016पासून अमेरिकेबरोबर इथे अभ्यासक्रम चालवले गेले. आयर्लंडचं असंच विद्यालय 1993पासून किल्डेअरमधल्या करा छावणीत आहे.

आणि पुणं! औंधच्या लष्करी तळावर मार्च 2016मध्ये 18 देशांचा संयुक्त सराव झाला, शांतिसेना आणि भूसुरुंग हटवणं हेच त्याचे विषय. 2019मध्ये तिथेच 17 आफ्रिकी देशांच्या तुकड्या येऊन गेल्या, 2023मध्ये पुन्हा सराव झाला. औंधमध्ये वाढलेल्या माझ्या मैत्रिणीला याचा पत्ता नव्हता. 2016च्या सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं होतं. त्याच्या दहा वर्षं आधी, 2006मध्ये, त्या काँगोत लष्करी निरीक्षक होत्या. देशाने त्यांना ओळखलं ते मे 2025मध्ये, ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना. युद्धाची बातमी सांगणारी अधिकारी आपल्याला कळते, शांतता राखायला शिकवणारी तीच अधिकारी नऊ वर्षं कळत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

चर्चा झाली तर अडचणीचंही बोलावं लागेल. काँगोत उत्तर किवूमध्ये नेमलेल्या भारतीय जवानांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि 2008मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तपासात त्यांना प्रथमदर्शनी पुरावा आढळला. चौकशी लष्कराकडे गेली. तिचं पुढे काय झालं हे संसदेने विचारायला हवं होतं. जो देश दुसऱ्यांना शिस्त शिकवतो त्याला हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि टाळला नाही तर त्याच्या वर्गात बसणाऱ्यांचा विश्वासच वाढेल.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण मुदत जवळ आली आहे. सुरक्षा परिषदेच्या ऑगस्ट 2025च्या ठरावानुसार लेबनॉनमधल्या मोहिमेचं काम 31 डिसेंबर 2026ला थांबायचं आहे. मालीतली मोहीम 2023च्या अखेरीस संपली. पैशाअभावी संयुक्त राष्ट्रांनी 2025मध्ये शांतिसैनिकांची संख्या जवळपास चतुर्थांशाने घटवायचं ठरवलं. लेबनॉननंतर काय, यावर आयरिश संसदेत वाद चालू आहे. आपल्याला मात्र ठरवावं लागेल की परतलेल्या जवानांची जागा दुसऱ्या मोहिमेत भरायची, की तीच माणसं आणि तोच पैसा दिल्ली आणि औंधला शिकवण्यासाठी वळवायचा. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण हा निर्णय मंत्रालयातल्या एखाद्या फायलीत होऊ नये. कायदा करायला वेळ लागत असेल तर सरकारने निदान दर वर्षी एक अहवाल दोन्ही सभागृहांत ठेवावा: कुठे किती लोक आहेत, कोणत्या आदेशाखाली, किती गेले, किती भरपाई थकली, कोणत्या तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं. आणि त्यावर एक दिवस चर्चा व्हावी.