नियत वाईट निघू दे रे देवा

ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लावलंय. त्याच्याच खाली बसून एके सकाळी मी आमचं संकेतस्थळ उघडलं, तर तिथे भलत्याच जाहिराती. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, मुदत कधीच संपली होती.

कळवलं नाही म्हणावं, तर तीही सोय नाही. मुदतीच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत आठवण करायची, असा रजिस्ट्रारांना, म्हणजे ही नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्यांना, आयकॅन या नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेचा नियमच आहे. त्यांनी केली. मी डिलीट केली. ‘डोमेन संपतंय, ताबडतोब पैसे भरा’ असल्या भामट्यांच्या मेल वर्षानुवर्षं येतात, त्या न वाचता उडवायला माझा हात बसलाय. शिवाय ऑटो-रिन्यूअल चालू होतं. ते ज्या कार्डावर होतं, ते कार्ड मात्र डोमेनच्या आधीच कैलासवासी झालेलं.

डॉट कॉम नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रार सहसा काही दिवस थांबतो, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही. म्हणजे दहावं, तेरावं, मासिक सगळं यथासांग उरकलं आणि मला सुतकाची खबर नाही. नाव सुटताक्षणी झेलायला प्रोग्रॅम टपलेलेच असतात.

“माझा ट्रेडमार्क आहे!” मी वकीलबाईंना फोनवर गरजलो.

“छान,” त्या म्हणाल्या. “पण त्यानं डोमेन आपोआप मिळत नाही.”

१९९९ पासून यूडीआरपी नावाची तक्रारीची सोय आहे. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव मार्कशी मिळतंजुळतं आहे, नव्या धन्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं आणि वापरलंही. “‘किंवा’ नाही हं, ‘आणि’,” बाई म्हणाल्या. आमचा ब्रँड म्हणजे शब्दकोशातला साधा शब्द. शब्द आवडला म्हणून घेतलं, असं तो सहज म्हणू शकतो.

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका परीक्षकाची फी १,५०० डॉलर. एकापासून पाच नावांपर्यंत तेवढीच. बाकीची चार हरवायची राहिली, याची चुटपुट लागली.

तेव्हापासून त्या अनोळखी माणसाची नियत वाईट निघावी म्हणून मी देव पाण्यात घातले. रोज उठून त्याचं पान बघायचं. कधी सहलींच्या जाहिराती. एकदा नुसतं कोरं पान! सज्जन निघतो की काय, या धास्तीनं घास उतरेना. मग एक दिवस तिथे आमच्याच मालाच्या, आमच्याच प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती झळकल्या, पाठोपाठ त्याची मेल : नाव हवं तर अमुक इतके डॉलर. आकडा बघून मला इतका आनंद झाला की घरच्यांना वाटलं, पैसे मला मिळणार आहेत. स्क्रीनशॉट काढताना हात थरथरत होते.

तक्रार ठोकली. उत्तराला त्याला २० दिवस होते, तो फिरकलाच नाही. निकाल माझ्या बाजूनं लागला. भरपाई या प्रकारात मिळतच नाही, फक्त नाव.

फक्त हे निकाल इंटरनेटवर जसेच्या तसे प्रसिद्ध होतात. आता आमचा ब्रँड शोधला, की संकेतस्थळाच्याही वर तो निकाल दिसतो. तक्रारदारानं अनवधानानं मुदत जाऊ दिली, हे त्यात परिच्छेद क्रमांकासकट आहे. घरात त्याचं प्रकट वाचन झालं. चौकटीचं माप घेऊन झालंय, प्रमाणपत्राशेजारी जागाही आहे म्हणतात.