दयेचा पाझर मार्चमध्येच फुटू द्या

दान करायचं मनात आलंय? थांबा. मनाचं काय, ते भर जुलैतसुद्धा भरून येतं. त्याला म्हणावं, जरा मार्चअखेरपर्यंत कळ काढ.

आधी बघा, तुमची करप्रणाली जुनी की नवी. २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवी, आणि तिच्यात ८०-जीची वजावट, म्हणजे नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या दानापोटी करपात्र उत्पन्नातून कमी होणारी रक्कम, मिळत नाही. तिथं केलेलं दान म्हणजे नुसतंच दान. त्यातून फार तर समाधान मिळेल, पण ते रिटर्नमध्ये कुठल्या रकान्यात भरणार? (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आलाय, कलमांचे आकडेही बदललेत. आपण मात्र ८०-जीच म्हणायचं. सीएसएमटीला अजून व्हीटी म्हणतोच की.)

जुन्या प्रणालीत असाल तर कॅल्क्युलेटर काढा. अनाथाश्रमाला दहा हजार दिलेत. अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेवर निम्मी वजावट, म्हणजे पाच हजार. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस धरून कर वाचला १,५६० रुपये. बाकीचे ८,४४० तुमच्याच खिशातून गेले. इथं भल्याभल्या दानशूरांना घाम फुटतो. दहा दिले की दहा वाचतात, अशीच त्यांची आजवर समजूत असते.

इतकं मन मोठं करायचंच असेल तर अनाथाश्रम कशाला? नोंदणीकृत राजकीय पक्षाला द्या. तिथं वजावट पूर्ण शंभर टक्के, रोख तेवढी द्यायची नाही. अनाथ मुलांसाठी तुमच्या उत्पन्नाच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंतच दान मोजलं जातं, पक्षासाठी ते बंधनही नाही. अधिक गरजू कोण हे कायद्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मात्र पक्षाला चेक देऊन कमिशन कापून रोख परत घेण्याची जी अफलातून योजना कुणीतरी कानात सांगेल, ती ऐकताना हेही ऐका: उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो.

जुनी स्वेटरं, तांदूळ, चादरी, वह्या देऊ नका. वस्तूंना वजावट नाही. बळीराजाचं नेमकं इथंच फसलं. दिली काय, तर जमीन. तीही दहा टक्क्यांची मर्यादा सोडून होती नव्हती तेवढी सगळी. आणि घेणाऱ्या बटूकडे ना पॅन, ना नोंदणी. शुक्राचार्य बिचारे कानीकपाळी ओरडत होते. प्रत्येक घराण्याला एक सीए असतोच, पण त्याचं ऐकतो कोण?

रोख द्यायची तर दोन हजारांपर्यंतच. एक रुपया वर गेला की अख्ख्या रकमेची वजावट गेली.

आणि ते गुप्तदानाचं खूळ डोक्यातून काढा. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ना, ते जुन्या लोकांना शोभायचं. आता संस्था ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवते. तुमचं नाव, पॅन, रक्कम, सगळं. त्या यादीत नसाल तर तुम्ही दिलं हे देवाला माहीत असून उपयोग नाही. उलट निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर धर्मादाय संस्थेलाच त्यावर ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक संस्था यातून सुटतात, त्यामुळे देवळाच्या पेटीत निर्धास्त टाका.

एवढी तयारी झाली, की जूनमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहतील. लेकीची अकरावीची फी भरायचीय, तीन हजार कमी पडतायत. गडबडू नका. त्यांना बसायला सांगा, पाणी द्या, आणि विचारा, "मावशी, तुमचा ८०-जीचा नोंदणी क्रमांक काय हो?"