ट्रकच्या हिशेबात हरवलेली स्टेशन वॅगन

आमच्या घरची २०१७ सालची फोक्सवॅगन गोल्फ स्पोर्टवॅगन, म्हणजे छत मागच्या दारापर्यंत सरळ नेऊन सामानासाठी लांब जागा ठेवलेली स्टेशन वॅगन, आता थकली आहे, म्हणून गेल्या महिन्यात डेट्रॉइटच्या उपनगरातील एका विक्री दालनात गेलो होतो. तिथल्या तरुण विक्रेत्याला मी "स्टेशन वॅगन दाखवा" म्हटले तेव्हा, पुण्यातल्या एखाद्या झगमगीत दुकानात रॉकेलचा स्टोव्ह मागावा आणि समोरच्याने आपल्याकडे पाहावे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले. मुलगा सौजन्यशील होता. "सर, वॅगन आता कोणी घेत नाही," असे सांगून त्याने मला रांगेत उभ्या असलेल्या सात-आठ क्रॉसओव्हरकडे, म्हणजे मोटारीच्याच पायावर उभारलेल्या एसयूव्हीसारख्या उंच गाड्यांकडे, नेले. त्याचे वाक्य खोटे नव्हते. अमेरिकेत आज विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक वाहने सरकारी वर्गवारीत 'हलके ट्रक' ठरतात आणि खऱ्या वॅगन बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. परंतु "लोकांची आवड बदलली" हे जे कारण यासाठी नेहमी दिले जाते, ते मला अर्धवट वाटते. ही आवड घडली कशी, हे पाहायला गेले की ग्राहकाच्या मनापेक्षा वॉशिंग्टनमधल्या एका कायद्याच्या व्याख्याप्रकरणाकडेच बोट जाते.

आधी त्या नावाबद्दल. यातले 'स्टेशन' म्हणजे खरोखरच रेल्वे स्टेशन. आगगाडीतून उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या पेट्या हॉटेलात किंवा घरी पोहोचवणाऱ्या वाहनांना पूर्वी 'डेपो हॅक' म्हणत असत. मोटारीच्या चासीवर सुताराकडून लाकडी सांगाडा चढवून घेतला की असे वाहन तयार होई. फोर्डने १९२९ साली मॉडेल ए या मोटारीची लाकडी वॅगन मोठ्या संख्येने बनवायला घेतली, आणि तिचे लाकूड आमच्याच मिशिगन राज्याच्या उत्तरेकडील आयर्न माउंटन या गावच्या कंपनीच्या गिरणीतून येऊ लागले. त्या गिरणीत उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांपासून फोर्डने कोळशाच्या वड्या करून विकल्या. तोच धंदा पुढे किंग्जफर्ड या नावाने चालू राहिला, त्यामुळे उन्हाळ्यात अंगणातल्या शेगडीवर कणसे आणि भरताची वांगी भाजणारे आम्ही सगळे मराठी लोक नकळत त्या वॅगनच्या भुश्श्याचेच वारसदार आहोत. लाकडी वॅगन दिसायला देखणी असली तरी तिला फर्निचरप्रमाणे वेळोवेळी वॉर्निश द्यावे लागे आणि पावसापाण्यात तिचे सांधे करकरत. १९४६ मध्ये विलीजने जीपची आणि १९४९ मध्ये प्लिमथने सबर्बनची संपूर्ण पोलादी वॅगन आणल्यावर लाकडाची खटपट सगळ्यांना नकोशी झाली. १९५३ ची ब्यूक रोडमास्टर इस्टेट ही खऱ्या लाकडाची शेवटची मोठी अमेरिकन वॅगन ठरली. त्यानंतर दारांवर दिसत राहिले ते लाकडाच्या रंगाचे विनाइल.

महायुद्धानंतरच्या उपनगरांची खरी मोटार हीच होती. १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेली मुलांची प्रचंड पिढी, १९५६ च्या कायद्यानंतर देशभर पसरत गेलेले आंतरराज्य महामार्ग आणि स्वस्त पेट्रोल, या तिन्हींच्या जोरावर वॅगन वाढत गेली, आणि ती शब्दशः वाढत गेली. सत्तरच्या दशकाच्या मध्यातली फोर्ड कंट्री स्क्वायर सुमारे पावणेसहा मीटर लांब आणि दोन टनांहून जड होती. चार बाय आठ फुटांचा प्लायवूडचा अखंड तक्ता तिच्या पोटात आडवा मावत असे, आणि सुट्टीच्या दिवशी घराची डागडुजी करणाऱ्या इथल्या गृहस्थाला हे माप फार महत्त्वाचे वाटे. मागचे दार एकदा फळीसारखे खाली पडे आणि एकदा कपाटाच्या दारासारखे बाजूला उघडे, ही फोर्डची युक्ती १९६६ ची. काही वॅगनमध्ये शेवटचे आसन मागच्या दिशेला तोंड करून असे. तिथे बसून मागच्या गाडीच्या चालकाला वेडावून दाखवण्यात ज्यांचे बालपण गेले असे माझे साठी उलटलेले सहकारी अजूनही त्या जागेबद्दल बोलताना हळवे होतात. त्या जागेला पट्टे नसत किंवा असले तरी कोणी लावत नसे, ही गोष्ट मात्र त्या आठवणीतून सोयीस्करपणे गळते.

मग १९७३ चे तेलसंकट आले. पंपांसमोर रांगा लागल्या आणि अमेरिकी संसदेने १९७५ साली इंधन बचतीचा कायदा केला. प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या मोटारींची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण पावणेआठ किलोमीटरवरून पावणेबारा किलोमीटर, असावी असे ठरले. हेतू उत्तम होता. पण शेतकरी, सुतार आणि नळ दुरुस्त करणारे यांच्या पोटापाण्याच्या वाहनांवर ओझे नको म्हणून 'हलके ट्रक' असा वेगळा वर्ग करून त्याला सैल नियम लावले गेले. ही सैल पट्टी १९९६ पासून २००४ पर्यंत गॅलनला २०.७ मैलांवर, म्हणजे लिटरला पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास, स्थिर होती. जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर बसवलेला दंडात्मक करही फक्त मोटारींसाठी होता, ट्रकांना तो लागू नव्हता. अपघातातील सुरक्षेचे कित्येक नियमही ट्रकांना मोटारींनंतर काही वर्षांनीच लागले.

आता वॅगनची अवस्था पाहा. ती मोटारीच्या चासीवर बनलेली, म्हणून कागदोपत्री मोटार. पण ती मोटारींमधली सर्वांत जड आणि सर्वांत तहानलेली, म्हणून कंपनीची सरासरी खाली ओढणारी. एक कंट्री स्क्वायर विकायची तर तिची भरपाई करायला कितीतरी छोट्या गाड्या विकाव्या लागणार, आणि छोट्या गाडीत नफा तुटपुंजा. तेवढीच माणसे आणि तेवढेच सामान वाहणारे वाहन कायद्याच्या लेखी ट्रक ठरले, तर मात्र हा सगळा हिशेब उलटतो. नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रमुख ली आयकोका आणि नव्या गाड्यांची आखणी करणारे हॅल स्परलिच यांच्या क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली. तिचा पाया मोटारीचा होता, पण आसने काढून सपाट जागा मिळते या निकषावर ती हलका ट्रक ठरली. त्याच सुमारास जीपची नवी चेरोकी आली आणि १९९० मध्ये फोर्डने एक्सप्लोरर आणली; या दोन्ही एसयूव्हीही कायद्याच्या लेखी हलके ट्रकच. कंट्री स्क्वायर १९९१ नंतर बंद झाली, म्हणजे एकाच कंपनीच्या दालनात एक दार बंद होताना दुसरे सताड उघडले. मिनीव्हॅन ही उत्तम वस्तू होती आणि स्परलिच यांचे कौशल्य मला मान्य आहे. पण ज्या शर्यतीत एका धावपटूच्या पायाला वजन बांधलेले आहे, त्या शर्यतीच्या निकालाला प्रेक्षकांची आवड म्हणणे मला पटत नाही.

या वर्गवारीचे पुढे काय हसे झाले ते सांगण्यासारखे आहे. २००० साली आलेली क्रायस्लरची पीटी क्रूझर ही चारचौघांत सरळ हॅचबॅक दिसणारी गाडी होती. तिची मागची आसने काढता येतात, म्हणून ती ट्रक. सुबारूने २००४ मध्ये आपल्या आउटबॅक वॅगनचे पोट जमिनीपासून थोडे वर उचलले आणि कायद्याच्या दृष्टीने ती मोटारीची ट्रक झाली. कायद्याच्या एका निकषात वाहनाखालची मोकळी उंची वीस सेंटीमीटर असणे बसते, आणि तेवढ्यावर जात बदलते. आपल्याकडेही हे नाटक झाले, पण उलट्या दिशेने. भारताच्या २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचे उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झाले आणि एसयूव्हीच्या व्याख्येत १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ग्राउंड क्लिअरन्स ही अट आली, तेव्हा चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही५०० चे पोट त्या रेषेखाली उतरवले गेले. एका देशात गाडी ट्रक ठरावी म्हणून वर गेली, तर दुसऱ्या देशात ती एसयूव्ही ठरू नये म्हणून खाली आली, आणि दोन्हीकडे रस्त्यावरचे खड्डे होते तिथेच राहिले.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वॅगनला आईवडिलांची गाडी असा शिक्का बसला होता, हे खरे आहे. ज्या मुलांनी मागच्या आसनावर वेडावून दाखवले, तीच मुले स्वतः गाडी घ्यायला निघाली तेव्हा त्यांना आईच्या गाडीसारखी सोडून कोणतीही गाडी चालणार होती. (आमच्या काकांनी नव्वदच्या दशकात पिंपरीची टाटा इस्टेट पाहून "ही शववाहिका कोण घेणार?" असे विचारले होते, म्हणजे हा दृष्टीचा फेर केवळ अमेरिकनांचा नाही.) १९८५ पर्यंत सर्व राज्यांत लहान मुलांसाठी सुरक्षा आसनांची सक्ती आली, आणि ती अवजड आसने ठेंगण्या दारातून आत बसवताना कंबर मोडते, हे मी दोन मुलांच्या वेळी अनुभवले आहे. सर्वांत बिनतोड युक्तिवाद मात्र माझ्या आईने केला. पुण्याहून आल्यावर ती आमच्या वॅगनमध्ये बसे आणि उतरताना दाराची चौकट धरून, गुडघ्याला हात लावून, "अरे, ही गाडी आहे की पाट?" असे म्हणे. शेजाऱ्यांच्या क्रॉसओव्हरमध्ये ती खुर्चीवर बसावे तशी बसली आणि मी त्या दिवशी गप्प राहिलो. उंच आसनाची सोय खरी आहे. पण त्या सोयीसाठी बोनेटही छातीपर्यंत उंच व्हायला हवे होते, असे कोणत्याही गुडघ्याने मागितलेले नव्हते.

हा बोनेटचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. अमेरिकेत २००९ मध्ये वाहनांच्या धडकेने सुमारे ४,१०० पादचारी मृत्युमुखी पडले होते, तर २०२२ मध्ये हा आकडा साडेसात हजारांच्या घरात गेला. याची कारणे अनेक आहेत, सगळा दोष गाडीच्या आकाराचा नाही. तरीही इथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्यांच्या बोनेटची कड चाळीस इंचांहून उंच आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, तीस इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. वॅगनचे तोंड मोटारीचे असते. तिच्या जागी ट्रकचे तोंड आले, तेव्हा त्याची किंमत गाडी घेणाऱ्याने नव्हे, रस्ता ओलांडणाऱ्याने मोजली.

सरकारने पुढेही ट्रकांच्याच पदरात माप टाकले. २००३ मध्ये लहान व्यावसायिकांना सहा हजार पौंडांहून जड वाहनाची एक लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी करातून वजा करण्याची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी एसयूव्हींसाठी ही मर्यादा पंचवीस हजारांवर आणावी लागली, यावरून काय चालले होते ते कळावे. पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंट आहे, तीस वर्षांहून अधिक काळात त्यात एका पैशाची वाढ नाही. जर्मनी आणि स्वीडनमध्ये पेट्रोलवर भरभक्कम कर आहे, आणि तिथे वॅगन अजून कुटुंबाची गाडी म्हणून सुखाने नांदते, हा मला योगायोग वाटत नाही.

जनरल मोटर्सने १९९६ मध्ये शेव्हरोले कॅप्रिस आणि ब्यूक रोडमास्टर या शेवटच्या अवाढव्य वॅगन बंद केल्या आणि त्या जिथे बनत, त्या टेक्ससमधील आर्लिंग्टनच्या कारखान्यात मोठ्या ट्रक आणि एसयूव्हींची जुळणी सुरू केली. त्यानंतरची यादी लांबवण्यात अर्थ नाही. आमच्या स्पोर्टवॅगनची अमेरिकेतली विक्री २०१९ च्या मॉडेलनंतर थांबली, ब्यूकची रीगल टूरएक्स २०२० नंतर गेली. गंमत अशी की अतिश्रीमंतांसाठी वॅगन पुन्हा आली आहे. ऑडीने आरएस ६ अव्हांट आणि बीएमडब्ल्यूने एम ५ टूरिंग इथे आणल्या, आणि दोन्हींची किंमत एक लाख डॉलरच्या वर सुरू होते. चार मुले, कुत्रा आणि प्लायवूड वाहणारे वाहन आता शौकिनांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवले जाते.

त्या दिवशी दालनात मी खिशातून मोजपट्टी काढली आणि विक्रेत्याच्या परवानगीने क्रॉसओव्हरची डिकी मोजली. आसने पाडल्यावर तिची लांबी आमच्या जुन्या गाडीपेक्षा चार बोटे कमी भरली. "पण सर, उंची बघा ना," तो म्हणाला. उंचीत मी काय ठेवू, हे मला सुचेना. आई यंदा पुन्हा येणार आहे. प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यांत मेतकूट, भाजणी आणि कोणी तरी कोणासाठी तरी दिलेले एक पार्सल, हे सगळे विमानतळावरून घरी आणायचे आहे, म्हणजे डेपो हॅकचेच काम. पत्नीने या वेळी निकाल आधीच दिला आहे, की आई बसतील तीच गाडी. मी आउटबॅकची चाचणी फेरी ठरवली आहे.