व्हरांडा काचेत बंद करण्याविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गिरगावातल्या खोताच्या वाडीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाडीतल्या एका घराच्या मालकांना तीन बदल करायचे होते: दर्शनी व्हरांडा अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद करायचा, सगळ्या लाकडी खिडक्या काढून स्लायडिंग बसवायच्या आणि कौलं उतरवून पत्रे घालायचे. मी लेखात तिन्हींना विरोध केला होता. त्यावर तुम्ही, म्हणजे त्याच घराच्या मालकांनी, लिहिलंत, "स्वतः लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहायचं आणि आम्हाला सांगायचं सागवान लावा. माझ्या आईचा पाय गेल्या पावसाळ्यात याच व्हरांड्यात घसरला. शंभर वर्षं घर आम्ही सांभाळलं, कमिटीने नाही. रंग लावायलाही परवानगी काढायची का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. हो, नियम तसाच आहे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली आली, तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ वा नियम म्हणून. दुरुस्ती, गिलावा, खास वैशिष्ट्यं बदलणं आणि रंगकामसुद्धा आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय करू नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठीच्या आताच्या नियमावलीत हा विषय ५२ व्या नियमात आहे. वारसा समिती, म्हणजे तुमची 'कमिटी', सल्ला देते, निर्णय आयुक्तांचा असतो. रंगाच्या बाबतीत तुमची चीड मला पटते. रंग चुकला तर पाच-सात वर्षांनी पुन्हा काढता येतो. त्यावर बैठकीचा अर्धा तास जावा आणि व्हरांडा बंद करण्याचा विषय दोन मिनिटांत उरकावा, हे मी स्वतः पाहिलंय (कुठल्या गावात ते सांगत नाही). कुणाचाही प्रस्ताव तपासताना माझा पहिला प्रश्न असतो: हा बदल पुढच्या पिढीला मागे फिरवता येईल का? आणि दुसरा: गल्लीतून चालणाऱ्याला तो कसा भेटेल?

या दोन प्रश्नांवर घासून बघितलं तर खिडक्यांबद्दल मी जे सरसकट लिहिलं ते चूक होतं. मागच्या अंगणाकडच्या आणि शेजारच्या भिंतीला लागून असलेल्या खिडक्यांना स्लायडिंग लावलं तर वाडीचं काही जात नाही, आणि मोरीच्या खिडकीला सागवान मागणं हा तर निव्वळ हट्ट झाला. तेवढं मी मागे घेते. फक्त जुनी चौकट उपटू नका, तिच्या आत नवीन बसवा. गल्लीकडच्या पट्ट्यांच्या झडपा मात्र राहू द्या. त्या बंद ठेवूनही वारा आत येतो, काचेची स्लायडिंग जास्तीत जास्त अर्धीच उघडते.

कौलांबद्दल माझं मत बदललेलं नाही. मंगळुरी कौल फुटलं तर ते एक कौल बदलता येतं. पत्र्याला गंज लागला की अख्खा पत्रा बदलावा लागतो, शिवाय पावसाचा आवाज आणि मे महिन्यातली तलखी पदरी येते ती वेगळीच. छप्पर गळतं तेव्हा बहुतेक वेळा दोष कौलांचा नसतो. रीपा कुजलेल्या असतात, नाहीतर पन्हाळ तुंबलेली असते. आधी ते तपासा.

आता व्हरांडा. तुमचं खरं दुखणं तिथे आहे आणि माझंही.

वाडीची कहाणी तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. तिचे तुकडे त्यांनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना दिले आणि त्यांनी ही दुमजली घरं बांधली. एके काळी ६५ च्या आसपास घरं होती, आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. या घरांची खूण म्हणजे पुढचा उघडा व्हरांडा आणि बाहेरून वर जाणारा लाकडी जिना. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दोन व्हरांड्यांतली माणसं आवाज न चढवता बोलू शकतात. एका संध्याकाळी मी तिथे मोजमाप घेत होते. वरच्या मजल्यावरच्या बाई जिना उतरत होत्या, तिसऱ्या पायरीवर थांबल्या आणि समोरच्या व्हरांड्यात लसूण सोलत बसलेल्या आजींना विचारलं, "ताप उतरला काय गो?" आजींनी मान हलवली, सोललेल्या पाकळ्यांची वाटी पुढे केली, बाईंनी मूठभर घेतल्या आणि निघाल्या. त्याच गल्लीत चार घरं पुढे काच लावून बंद केलेला व्हरांडा आहे. आत पडदा, पडद्यामागे फ्रिज, बाहेर एसीचा डबा आणि त्यातून ठिबकणारं पाणी. त्या घरासमोर माणसं थांबतच नाहीत, पाणी चुकवत पुढे जातात.

मला जपायचं आहे ते हे. कोरीव कठडा आणि छपराखालची नक्षीदार झालर सुंदर आहेतच, पण एकदा व्हरांड्याची खोली झाली की ती कुणीच परत उघडत नाही, कारण तोवर त्या जागेवर पलंग आलेला असतो.

पण आईंचा पाय घसरतो ही गोष्ट खरी आहे आणि तिला उत्तर नसेल तर माझं वरचं सगळं फोल आहे. कोकणात झडीचा पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला नारळाची झापं बांधायची रीत होती. पावसाच्या तोंडावर बांधायची, पाऊस सरला की सोडायची. तोच उपाय आजच्या साधनांनी होतो. कठड्याच्या वरच्या बाजूला जाड कॅनव्हासचे गुंडाळायचे पडदे, खाली दोरीने कठड्याला बांधायचे. झडीची बाजू सोडून बाकी उघडं ठेवता येतं. दुसरं म्हणजे छपराची पाख दीड फूट पुढे काढायची, झालर तीच ठेवून. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: फरशी. तुम्ही लिहिलंय की २००५ नंतर व्हरांड्यात चकचकीत टाइल्स घातल्या. आई घसरल्या त्या टाइल्समुळे. तिथे टाकी मारलेली, खरबरीत शहाबादी फरशी घाला, उतार गल्लीकडे द्या आणि भिंतीला धरायला एक दांडा लावा. यातलं काही उद्या नको वाटलं तर काढता येईल.

घर तुम्ही स्वतःच्या पैशांनी सांभाळलंत, कमिटीने नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. वारशामुळे मालकाचा बांधकामाचा हक्क नाकारला गेला तर त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ज्याला टॉवर बांधायचाच नाही, ज्याला फक्त कुजलेला खांब बदलून राहायचं आहे, त्याच्या हातात त्यातून काय पडणार? जो घर पाडायचं म्हणतो त्याच्या नुकसानीचा हिशोब होतो आणि जो टिकवतो त्याला सुतार स्वतःच्या खिशातून लावावा लागतो. हे अन्यायाचं आहे. परिसराला वारसा म्हणायचं तर दुरुस्तीच्या खर्चात शहरानेही वाटा उचलायला हवा. समितीने हरकत घेताना "मग काय करायचं" याचं एक रेखाचित्रही द्यायला हवं. नुसत्या नकाराने घर कोसळण्याची वाट पाहणाऱ्यांचंच फावतं.

मी फ्लॅटमध्ये राहते हे खरं आहे. माझ्या आजोळच्या घराची पडवी १९९० च्या सुमारास मामांनी बंद केली, तेव्हा मी शाळेत होते आणि नवी खोली मिळाली म्हणून नाचले होते. आजी मात्र त्यानंतर दुपारची रस्त्याकडे तोंड करून कधी बसली नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. तिने तक्रार केली नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक शेवटची गोष्ट, घाईची. तुमच्या फोटोत जिन्याच्या डाव्या खांबाचा तळ काळा पडलेला दिसतो. सिमेंटच्या नवीन गिलाव्याने तिथे ओल कोंडली असणार. जून लागायच्या आत तेवढा गिलावा फोडून बघा आणि खांबाला पेचकसाचं टोक टोचून बघा. वीतभरच आत कुजलं असेल तर अख्खा खांब बदलायची गरज नाही. तेवढा भाग कापून तिरका सांधा देऊन नवा तुकडा जोडता येतो, खाली दगडाची बैठक द्यायची आणि भोवती चुन्याचा गिलावा. हे काम करणारा सुतार माझ्या ओळखीचा आहे. तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी त्याला घेऊन येते. पाहणीचे पैसे नकोत, आईंनाही भेटायचं आहे.